एसटीपी कुठला घ्यावा? तीन पुरवठादार, तीन उत्तरं

उंबरठा
नमस्कार मंडळी. आमची ४० बैठ्या घरांची वसाहत आहे. सार्वजनिक मैलावाहिनी आमच्यापर्यंत येत नाही आणि लवकर येईल अशी चिन्हं नाहीत. सध्या दोन जुन्या सेप्टिक टाक्या आणि त्यांच्यापुढे शोषखड्डे आहेत. शोषखड्ड्यांनी शोषणं सोडून दिलंय. जोराचा पाऊस झाला की कोपऱ्यातलं चेंबर वर येतं आणि ज्यांच्या दारासमोर ते आहे त्यांचा मला फोन येतो. मी समितीची सचिव आहे. म्हणजे सचिव निवडायच्या बैठकीला मी उशिरा पोचले होते.

एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट, बसवायचा म्हणून तीन पुरवठादारांना बोलावलं. पहिला म्हणाला, एमबीबीआर बसवा. दुसरा म्हणाला, तो जमाना गेला, आता एसबीआर. तिसऱ्याने एमबीआरची चित्रफीत दाखवली. तिच्या शेवटी एक माणूस प्रक्रिया झालेलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरतो. तिघांनीही आम्हाला प्रश्न एकच विचारला: घरं किती? आणि ४० ऐकून तिघांनीही रोजच्या ३० हजार लिटरचा आराखडा दिला.

उताराच्या टोकाला आमची साधारण ६०० चौरस मीटर जागा मोकळी आहे. पाणी बागेला वापरायचा विचार आहे. हे प्रकार एकमेकांपासून नेमके कशात वेगळे आहेत आणि निवडताना बघायचं काय, हे कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

खडूस_खार
आधी सांगा, तो पेलावाला प्यायला का?

उंबरठा
चित्रफीत तिथेच संपते.

जलचर
या धंद्यात बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तिन्ही नावं बाजूला ठेवा. सगळ्या पद्धतींत काम करणारे तेच, जिवाणू. मैलापाण्यातली घाण ते खातात, वाढतात आणि मग त्यांना पाण्यातून बाजूला काढायचं असतं. प्रश्न दोनच. जिवाणू राहणार कुठे? आणि शेवटी पाण्यापासून त्यांना वेगळं कसं करणार? सगळे प्रकार या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून निघालेत.

जिवाणू पाण्यात मोकळे तरंगत असतील, खालून ब्लोअरने हवा सोडलेली असेल आणि पुढच्या टाकीत गाळ खाली बसवून त्यातला काही परत मागे पाठवत असतील, तर ती नेहमीची ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत. हीच कामं वेगवेगळ्या टाक्यांत न करता एकाच टाकीत आळीपाळीने केली, म्हणजे भरा, हवा द्या, हवा बंद करून गाळ बसू द्या, वरचं निवळ काढून घ्या, की झाली एसबीआर. जिवाणूंना बसायला प्लॅस्टिकच्या खाचाखाचांच्या चकत्या दिल्या आणि त्या हवेने टाकीभर फिरत ठेवल्या की एमबीबीआर. आणि गाळ बसायची वाटच न बघता पाणी पडद्यातून ओढून घेतलं की एमबीआर. त्या पडद्याची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतात आणि जिवाणू असतो १ मायक्रॉनच्या घरातला. म्हणून तो अडकतो आणि पाणी पेल्यात धरण्याइतकं स्वच्छ दिसतं.

आता तुमच्या दुसऱ्या पुरवठादाराबद्दल. १९१४ साली मँचेस्टरच्या डेव्हिहुल्म इथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्या खेपेला काम व्हायला काही आठवडे लागले. त्यांनी तळाचा गाळ टाकून दिला नाही, त्यावरच नवं पाणी भरलं, आणि वेळ खेपेगणिक कमी होत तासांवर आली. भरा, हवा द्या, बसू द्या, काढा. हा झाला एसबीआरच! एमबीबीआर आला १९८० च्या दशकाच्या शेवटी, नॉर्वेत. तेव्हा ‘तो जमाना गेला’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठला?

प्रश्नचिन्ह
छान समजावलंत. एक बाळबोध शंका. सगळे बीओडी बीओडी करतात, ते काय असतं?

जलचर
बाळबोध नाही, बरोबर शंका आहे. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून २० अंश सेल्सिअसला ५ दिवस अंधारात ठेवायचा आणि तेवढ्या वेळात जिवाणूंनी किती ऑक्सिजन संपवला ते मोजायचं. जितका जास्त संपला तितकी घाण जास्त. घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारण लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम येतो. आराखडे करताना माणशी रोज ६० ग्रॅम धरायचा युरोपात प्रघात आहे.

अवांतरवाला
५ दिवसच का, तर ब्रिटनमधल्या कुठल्याही नदीचं पाणी पाचेक दिवसांत समुद्राला मिळतं म्हणून, असं सांगतात. तिथल्या मैलापाण्यावरच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या आठव्या अहवालात लिटरला २० मिलिग्रॅम बीओडी आणि ३० मिलिग्रॅम तरंगते घनपदार्थ ही मर्यादा सुचवली होती. तीही नदीत आठपट स्वच्छ पाणी मिसळणार हे गृहीत धरून. पुढे जगभर लोकांनी २०:३० तेवढं उचललं, आठपट पाणी तिथेच राहिलं.

आणि खडूसबुवा, प्यायचंच म्हणाल तर नामिबियातल्या विंडहुक शहरात १९६८ पासून मैलापाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात. अर्थात मध्ये शुद्धीकरणाच्या पायऱ्यांची रांग असते.

खडूस_खार
विंडहुकवाल्यांना दंडवत. मी आपला पेला धरणाऱ्यांतला.

निवांत_नाना
उंबरठाताई, नवीन काही घ्यायच्या आधी जुन्याची विचारपूस करा. तुमच्या सेप्टिक टाक्या शेवटच्या कधी उपसल्या होत्या? तळाचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग व्यापला की उपसायलाच हवं. तसं केलं नाही तर टाकीत पाणी थांबत नाही, गाळ सरळ पुढे शोषखड्ड्यात जातो आणि त्याची भोकं बुजतात. शोषखड्डा ‘खराब’ झालेला नसतो, त्याला आपणच गाळ भरवलेला असतो.

आणखी दोन गोष्टी. बाजारात ‘टाकीत टाका, उपसायची गरज नाही’ अशा पुड्या मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. लागणारे जिवाणू मैल्याबरोबर रोज फुकट येतात. दुसरं, काहीही झालं तरी माणूस टाकीत उतरवू नका. आतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणजे गॅस नाही, असं समजून माणसं उतरली आहेत आणि त्यांना काढायला मागून उतरलेलेही गेले आहेत. माझ्या डोळ्यांदेखत हे घडता घडता राहिलंय. उपसा यंत्रानेच, बाहेरूनच.

उंबरठा
नाना, उपसल्याची नोंदच सापडली नाही. आधीच्या सचिवांना विचारलं. ते म्हणाले, ‘उपसावी लागते?’

निवांत_नाना
:) तरी म्हटलं.

चौथा_मजला
आमचा अनुभव. इमारत मोठी, घरं दोनशेच्या वर, जागा तळघरातली तेवढीच. बांधणाऱ्याने एमबीबीआर बसवून दिला. दोन वर्षांनी एके दिवशी बागेतल्या नाल्यात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या वाहताना दिसल्या. मुलांनी वेचून खेळायला घेतल्या. टाकीच्या तोंडाची जाळी गंजून फाटली होती आणि जिवाणूंचं घरदारच वाहून गेलं होतं. पुरवठादार म्हणाला, जाळी हमीत येत नाही. नवीन चकत्या टाकल्या, पण जिवाणूंना त्यांच्यावर पुन्हा बिऱ्हाड मांडायला काही आठवडे गेले. तोवर जे पाणी बाहेर पडत होतं त्याबद्दल न बोललेलं बरं.

पुढे आम्ही त्याच टाक्यांत फेरफार करून एसबीआर केला. गेली काही वर्षं चांगला चाललाय. पण एक सांगतो, एसबीआरच्या आधी साठवण टाकी मोठी लागते, नाहीतर जोडीने दोन टाक्या लागतात. एका टाकीत गाळ बसत असताना वरून लोकांनी संडास वापरायचं थांबवायचं का? हे आम्हाला आराखडा निम्मा झाल्यावर कळलं.

रातपाळी
मी अशा प्लांटवर सात वर्षं ऑपरेटर होतो, बहुतेक रात्रपाळीला. इथे सगळे यंत्रांबद्दल बोलताय, मी माणसांबद्दल बोलतो.

आमच्याकडे अकरा वाजले की वरून फोन यायचा, ब्लोअरचा आवाज येतोय, बंद कर. बंद करायचो. सकाळी सहाला चालू करायचो. सात तास हवा नाही म्हटल्यावर जिवाणू मरणारच, नाहीतर सडणार. मग वास. मग वरून फोन, वास येतोय. लॉगबुकात ब्लोअर २४ तास चालू असल्याचं लिहिलेलं असायचं. ते अक्षरही माझंच.

प्लांटच्या विजेतला निम्म्याहून जास्त वाटा बहुतेक ठिकाणी हवा द्यायला लागतो. त्यामुळे बचतीची कुऱ्हाड पहिली ब्लोअरवर पडते. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा: वीज गेली, माणूस आला नाही, चार दिवस कुणी बघितलं नाही, तर तुमच्या प्लांटचं काय होईल?

दुसरी गोष्ट गाळाची. घाण नाहीशी होत नाही, तिचा गाळ होतो. तो नेमाने बाहेर काढावा लागतो, वाळवावा लागतो, कुठेतरी न्यावा लागतो. आराखड्यात गाळ वाळवायचे वाफे कोपऱ्यात छोटेसे काढलेले असतात आणि बांधताना तिथे दुचाकी लावायची सोय होते. आमच्याकडे पाच महिने गाळ काढलाच नव्हता. एका रविवारी गाळ बसायच्या टाकीतून सगळा गाळ वर उसळला आणि खालच्या बागेत सगळं तपकिरी.

यंत्रं नको, रिपोर्ट नको, एक लिटरचं मोजपात्र पुरतं. हवेच्या टाकीतलं पाणी त्यात भरा, अर्धा तास हलवू नका. गाळ २०० ते ३०० च्या खुणेपर्यंत खाली बसला आणि वरचं पाणी नितळ असलं तर चिंता नाही. गाळ ३० वरच असेल तर टाकीत जिवाणूच नाहीत, नुसता बुडबुडे सोडायचा हौद चाललाय. ८०० वर अडकला तर गाळ काढायची वेळ कधीच टळून गेलीय, किंवा गाळ फुगलाय. मी हे रोज करायचो. विचारायचं मात्र कुणी नाही.

जलचर
रातपाळी, तुमचा प्रतिसाद चौकटीत लावून प्रत्येक समितीच्या खोलीत टांगायला हवा.

चौथा_मजला
+१. आणि थोडा ओशाळलोही. अकरा वाजता फोन करणाऱ्यांत आमची इमारतही होती. म्हणजे तुमच्याच प्लांटला नाही, पण तेच.

बहाव
उंबरठा, ६०० चौरस मीटर उताराची जागा असताना ब्लोअरचा विचारच का करताय? झाडांचा वाफा करा. खडीने भरलेला, तळाला गळती न होणारा हौद, त्यात पाणकणीस किंवा देवनळ लावायचा. सेप्टिक टाकीतून निघालेलं पाणी एका टोकाने आत जातं, खडीतून आडवं सरकत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. जिवाणू खडीवर आणि मुळांवर राहतात. वीज नाही, आवाज नाही. जर्मनीत केटे झायडल यांनी १९५० च्या दशकातच पाणवनस्पतींवर हे प्रयोग सुरू केले होते.

खडूस_खार
आणि डास?

बहाव
पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली पाच-दहा सेंटिमीटरवरून वाहतं, वर दिसतच नाही. डासाला अंडी घालायला पाणी उघडं लागतं. वर पाणी दिसायला लागलं तर समजायचं, वाफा तुंबलाय.

जलचर
इथे जरा आडवा येतो. वाफे चांगलेच, पण ‘काही करावं लागत नाही’ असं म्हणून ते खपवले जातात आणि मग बदनाम होतात. मी तुंबलेले वाफे पाहिलेत. प्रत्येक ठिकाणी गुन्हेगार तोच, आधीची टाकी न उपसल्यामुळे गाळ वाफ्यात शिरलेला. तुंबारा नेहमी पाणी शिरतं त्या पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये सुरू होतो. मग खडी उपसून धुवायची. ते काम ज्याने एकदा केलं त्याला जन्मभर आठवतं.

दुसरं, आडव्या वाफ्यात ऑक्सिजन कमी पोचतो, त्यामुळे बीओडी छान उतरतो पण अमोनिया फारसा हटत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तो हवा असेल तर उभ्या प्रवाहाचा वाफा करावा लागतो, म्हणजे पाणी वरून थोडं थोडं, खेपेखेपेने शिंपडायचं, मधल्या वेळात हवा आत ओढली जाते. पाणी बागेलाच द्यायचं असेल तर थोडा अमोनिया चालतो, झाडांना ते खतच. नदीनाल्यात सोडायचं असेल तर नाही चालत. म्हणून आपल्याकडचा नियम काय सांगतो आणि पाणी शेवटी जाणार कुठे, हे निवडीच्या आधी.

तिसरं, जागा. सेप्टिक टाकीनंतर आडव्या वाफ्याला माणशी ५ चौरस मीटर हा आकडा थंड प्रदेशातला. उष्ण हवेत कमी पुरतं. तुमच्याकडे पाणी हिवाळ्यात किती गार होतं?

बहाव
तुंबण्याचं मान्य. पण ब्लोअर बंद पडला तर दोन दिवसांत वास मारतो, वाफा तुंबायला वर्षं लागतात आणि तो आधी इशारा देतो. दोन्हीकडे माणसाचीच चूक, पण शिक्षेत फरक आहे.

जलचर
हे मात्र बिनशर्त मान्य.

प्रश्नचिन्ह
विजेशिवाय चालणारं मोठं काही नसतं का? की वाफा हाच एक मार्ग?

जलचर
असतं. यूएएसबी नावाची पद्धत आहे, नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली. पाणी खालून वर, गाळाच्या जाड थरातून जातं, हवा लागत नाही आणि बायोगॅस मिळतो. पण हे शहराच्या मापाचं काम, आणि पुढे आणखी प्रक्रिया लागतेच. तळी असतात, त्यांना जागा शेताएवढी लागते. छोट्या वसाहतीला जमणारी म्हणजे आतून आडभिंती घातलेली, हवेशिवाय चालणारी (अनएरोबिक) टाकी, एबीआर. सेप्टिक टाकीचीच पुढची पायरी म्हणा. एकापुढे एक चारपाच कप्पे, प्रत्येकात पाण्याला खाली जाऊन गाळातून वर यावं लागतं. कुठलाच फिरता भाग नाही. फक्त सुरुवातीला नीट लागायला काही महिने घेते, तेवढा धीर हवा.

अवांतरवाला
या सगळ्याचा मूळपुरुष फ्रान्समधला. ज्याँ-लुई मूरास यांनी स्वतःच्या घरासाठी बंद टाकी बांधली आणि १८८१ मध्ये पेटंट घेतलं. टाकी उघडली तेव्हा घन मैला अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला म्हणे.

खडूस_खार
आणि त्यांच्या सचिवांनी विचारलं, ‘उपसावी लागते?’

उंबरठा
:D

बरं, गृहपाठ केलाय. शेजारच्या काकूंना बरोबर घेतलं आणि एका रविवारी पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत टाकीआधीच्या चेंबरवर २० लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन पाळीपाळीने बसलो. सकाळी साडेसातला बादली २५ सेकंदांत भरली. दुपारी तीनला तिलाच सहा मिनिटं लागली. दिवसाचं मिळून साधारण साडेअकरा हजार लिटर. ३० नाही, साडेअकरा! ४० घरांपैकी २३ घरांतच लोक राहतात, एकूण माणसं ८४. बाकीची घरं बंद.

वीज रोज एकदा तरी जाते. पाणी थंडीतही २० अंशांखाली जात नाही. मोकळ्या जागेचा उतार अडीच मीटरचा आहे. चौथ्या मजल्यासारखी आमची जागेची अडचण नाही, आणि पूर्णवेळ ऑपरेटर ठेवणं आम्हाला झेपणार नाही. टाकी उपसणाऱ्यांना बोलावलंय, यंत्राने, नाना.

रातपाळी
रविवारी लोक घरी असतात, कपडे धुतात. कामाच्या दिवशीही एकदा मोजा. पण बादली घेऊन चेंबरवर बसणारी सचिव मी पहिल्यांदाच ऐकली.

जलचर
हे मोजमाप केलंत म्हणून बोलणं सोपं झालं. रोज साडेअकरा हजारांच्या पाण्याला ३० हजारांचा हवेचा प्लांट बसवला असता तर जिवाणू उपाशी राहिले असते, गाळ नीट बसला नसता आणि ब्लोअर मात्र अडीचपटीच्या मापाने फिरला असता. मोठा घेतला की सुरक्षित, हे पाण्याच्या टाकीला ठीक, एसटीपीला नाही.

तुमच्या जागी मी असतो तर: आधी गाळणाऱ्या जाळीचं चेंबर, मग एबीआर पूर्ण वस्तीच्या हिशेबाने, कारण बांधकाम पुन्हा वाढवता येत नाही. पुढे दोन आडवे वाफे शेजारी शेजारी, आणि तिसऱ्याची जागा राखून ठेवायची, बंद घरं उघडली की बांधायला. दोन असले की एकाला विश्रांती देऊन दुसरा चालवता येतो. अडीच मीटर उतार म्हणजे पंपही नको. नेमकं क्षेत्रफळ मी इथे बसून सांगणार नाही. प्रयोगशाळेतून तुमच्याच पाण्याचा बीओडी काढा आणि आराखडा करणाऱ्याला तो आकडा द्या. पावसाचं पाणी मैल्याच्या वाहिनीत शिरतंय का तेही आधी शोधा. चेंबर पावसातच वर येतं म्हणालात, त्या अर्थी गच्चीचा एखादा पाइप नक्की जोडलेला असणार.

उंबरठा
तीन गच्च्यांचे निघाले. एक माझ्याच घराचा.

खडूस_खार
उशिरा पोचणाऱ्या सचिवांचा राजीनामा मागावा काय?

चौथा_मजला
उंबरठा, निर्णय योग्य वाटतो. पण धागा वाचणाऱ्या इमारतवाल्यांसाठी लिहून ठेवतो: आमच्याकडे हे शक्य नव्हतं. तळघरात वाफा होत नाही. आणि संडासाच्या फ्लशच्या टाक्यांना पाणी परत वापरायचं असेल तर रंग-वास चालत नाही, शेवटी गाळणी आणि निर्जंतुकीकरण लागतंच. अतिनील दिवा लावणार असाल तर पाणी नितळ हवं, गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात. तिथे एमबीआरवाल्याचा पेला खरा ठरतो. फक्त पडद्याआधी बारीक जाळी घ्या. केस अडकले की पडदा वेळेआधी जातो. आणि पडदे ठरावीक काळाने क्लोरीनच्या आणि आम्लाच्या पाण्याने धुवावे लागतात, ते करणारा शिकलेला माणूस पगारावर ठेवायची तयारी असेल तरच.

बहाव
परत वापराच्या पाइपांना वेगळा रंग द्यायला विसरू नका. प्लंबरच्या चुकीने पिण्याच्या पाइपाला जोडले गेले तर पुढचं सगळं निस्तरणं अवघड.

निवांत_नाना
आणि बायकोला, मुलांना, सगळ्यांना सांगा की ओले वाइप्स, पॅड, तळणीचं तेल संडासात टाकायचं नाही. टाकी कुठलीही असो.

खडूस_खार
नाना, ‘नवऱ्याला’ हे राहिलं.

निवांत_नाना
नवऱ्यालाही. विशेषतः नवऱ्याला.

उंबरठा
बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतेय. एबीआर आणि दोन वाफे झाले. गच्च्यांचे पाइप तोडले, त्यानंतर चेंबर एकदाही वर आलं नाही. वाफ्यातून बाहेर पडणारं पाणी फिकट पिवळसर दिसतंय, वास मातीसारखा. रातपाळींच्या सल्ल्याने मी रोज एक वही लिहितेय आणि खरं लिहितेय.

अडचण एकच. लावून तीन आठवडे झाले आणि पाणकणसाची रोपं शेंड्याकडून वाळायला लागलीत. खालून एवढं मैलापाणी वाहतंय आणि रोपं तहानलेली! पाणी जहाल तर नाही ना?

बहाव
बाहेर पडायच्या टोकाला फिरता एल्बो, म्हणजे वाफ्यातली पाण्याची पातळी ठरवणारा वाकडा पाइप, आहे ना? त्याचं तोंड किती खाली आहे? बोट घालून बघा, खडीत पाणी किती खोल लागतं ते.

उंबरठा
कोपरापर्यंत हात गेला तेव्हा लागलं.

बहाव
मग झालं. रोपांची मुळं अजून वीतभरही नाहीत, पाणी त्यांच्या खालून जातंय. एल्बो वर फिरवा, पाणी खडीच्या वरच्या थराच्या अगदी खाली येऊ द्या. मुळं धरली की दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा खाली घ्या, पाण्यामागोमाग मुळंही खाली जातील.

उंबरठा
फिरवला. एका हाताने हलेना, काकूंना बोलावलं. वहीत लिहिलंय: ‘एल्बो वर केला. खडी दोन तासांत ओली.’ काकू म्हणाल्या, ‘तारीखही घाल, मागच्यांसारखं नको.’